‘अ‍ॅव्हरेज किती देते जी?’ : सूरजागडच्या वाटेवरील डिझेल गाड्यांचा मागोवा

मराठीत ‘सरासरी’ हा चांगला शब्द आहे, पण गाडीच्या बाबतीत तो कोणी वापरत नाही. एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते हे विचारायचे असेल तर अख्खा महाराष्ट्र ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ असेच विचारतो. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात, आलापल्ली, अहेरी, एटापल्ली या गावांत, त्या प्रश्नाला शेवटी एक ‘जी’ लागतो आणि तो बहुतेक वेळा पिकअपच्या मालकाला विचारलेला असतो. मालकही तो परतवतो : तुमची किती देते जी?

हा प्रश्न कोण विचारतो याकडे लक्ष दिले की त्यामागचा इतिहास दिसू लागतो. सरकारी जीपच्या चालकाकडे लॉगबुक असते. त्यात किलोमीटर आणि लिटर लिहिले जातात, वरचा अधिकारी सही करतो. ठेकेदाराच्या ट्रकवरचा चालक डिझेलचा हिशेब शेटजींना देतो. या दोघांनाही गाडीचे अ‍ॅव्हरेज ठाऊक असते, पण त्यातली बचत त्यांच्या घरी जात नाही. स्वतःच्या खिशातून डिझेल भरणारा मात्र झोपेतही अ‍ॅव्हरेज मोजतो. म्हणून सूरजागडच्या परिसरात हा प्रश्न स्थानिक माणसाच्या तोंडी केव्हा आला, हे शोधणे म्हणजे तिथला माणूस चाकांचा मालक केव्हा झाला हे शोधणे आहे. या जंगलातून काय बाहेर जाणार आणि कोणाच्या गाडीतून जाणार, हे त्याआधी दीडशे वर्षे इतरांनीच ठरवले होते.

लोखंड होते, भाडे जमले नाही

सूरजागडचा डोंगर एटापल्ली तालुक्यात आहे. त्याच्या पोटातल्या लोहखनिजाची चर्चा आज होते, पण चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाची कीर्ती जुनी आहे. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोहखनिजाविषयीचा अहवाल जमशेदजी टाटांच्या हाती पडला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम आणि वरोऱ्याला कोळसा, म्हणजे नागपूरच्या एम्प्रेस मिलच्या मालकाला दोन्ही गोष्टी हाकेच्या अंतरावर होत्या. त्यांनी वरोऱ्याच्या कोळशाचे नमुने तपासून घेतले. तो कोळसा भट्टीच्या कामाचा निघाला नाही. शिवाय खाणपट्ट्याच्या सरकारी अटी जाचक होत्या. योजना बारगळली. पुढे टाटांचा कारखाना उभा राहिला तो साकचीला, आजच्या जमशेदपूरला.

खनिज कितीही चांगले असले तरी ते भट्टीपर्यंत नेण्याचा किंवा कोळसा खनिजापर्यंत आणण्याचा खर्च बसला पाहिजे, हा या हकिकतीचा धडा. चांद्याच्या पूर्वेकडचा भाग त्या हिशेबात फारच मागे होता. आजही गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे म्हटली की देसाईगंजचे, म्हणजे वडशाचे नाव येते, आणि वडसा जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला आहे. सूरजागडला रूळ पोचले नाहीत. जे काही गेले-आले ते पायाने, बैलगाडीने, नदीतून आणि पुढे डिझेलवर.

हत्ती, ट्रक आणि जीप

अहेरीच्या जमीनदारीतली जंगले जमीनदारी निर्मूलनानंतर, १९५१ पासून, सरकारकडे आली. त्या वेळी चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. आलापल्लीचे सागवान आधीपासूनच नावाजलेले होते. जंगलातले ओंडके ओढायला वनखात्याकडे हत्ती होते. कमलापूरचा हत्ती कॅम्प ही त्याच कामाची आठवण आहे. हत्तीने ओंडका रस्त्यापर्यंत आणायचा आणि तिथून ट्रकने उचलायचा, अशी ही विभागणी.

ट्रकला दुसरे मोठे काम दिले कागदाने. बल्लारपूरच्या कागद गिरणीची स्थापना १९४५ची, उत्पादन १९५३ पासूनचे. तिला बांबू लागे आणि बांबू या जंगलात होता. याच सुमारास, १९५४ मध्ये, जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज बेंझचे डिझेल ट्रक बनू लागले. बांबू तोडणारा माणूस इथला, वाहून नेणारा ट्रक ठेकेदाराचा आणि गिरणी दूरची, ही रचना पुढची अनेक दशके टिकली.

ओंडका असो की बांबू, त्याला ट्रकइतकाच महत्त्वाचा होता वाहतूक परवाना. ज्याच्याकडे परवान्याचे पुस्तक, त्याच्याकडे जंगल. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू स्वतः विकण्यासाठी परवान्याचे ते पुस्तक हातात पडायला एप्रिल २०११ उजाडले. तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश त्यासाठी गावात आले होते. वाहतुकीचा इतिहास चाकांइतकाच कागदांचाही असतो, तो असा.

माणसांसाठीची गाडी म्हणजे जीप. मुंबईतल्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली. ही जीप पेट्रोलवर चालणारी होती. जंगल खाते, पोलीस, बांधकाम खाते यांच्याकडे ती आली, कारण पेट्रोलचे बिल सरकार भरत होते. सामान्य माणसाला ती परवडण्यासारखी नव्हती. चित्र बदलले ते डिझेल इंजिनाने. १९७९ मध्ये महिंद्रने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार केला आणि इगतपुरीच्या कारखान्यात त्या धर्तीची डिझेल इंजिने तयार होऊ लागली. पुण्यात बजाज टेम्पो कंपनीने ट्रॅक्स आणली. विदर्भातल्या रस्त्यांवर प्रवासी वाहतुकीची ‘काळी-पिवळी’ धावू लागली, ती याच डिझेलच्या जोरावर.

डिझेलच का, याची कारणे दोन. पहिले इंजिनातले. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. हवा सोळा ते बावीस पट दाबली जाते, ती तापते आणि त्यात सोडलेले डिझेल पेट घेते. जास्त दाबामुळे इंधनाचे काम जास्त वसूल होते, शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के अधिक उष्णता असते. कमी वेगात ओढ चांगली मिळते, म्हणजे चिखलात, चढावर, ओझ्यासकट गाडी निघते. जुन्या इंजिनाला स्पार्क प्लगच नसल्यामुळे नाल्याच्या पाण्यातून जाताना ठिणगीची जोडणी भिजून गाडी बंद पडण्याचे भय नसे आणि बॅटरी बसली तरी चार माणसांच्या धक्क्याने ती सुरू होई. जिथे मेकॅनिक पन्नास किलोमीटरवर, तिथे या गुणांची किंमत फार.

दुसरे कारण सरकारी. डिझेल हे शेतीचे, मालवाहतुकीचे, एस.टी.चे इंधन म्हणून त्याचा भाव अनेक दशके पेट्रोलपेक्षा बराच खाली ठेवलेला होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो भाव बाजारावर सोडला गेला आणि जून २०१७ पासून तो रोज बदलू लागला. पण तोवर या भागाचे चाक डिझेलवर बसून गेले होते.

तीन हजार किलोंची मर्यादा

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्यानंतरही मालवाहू गाडी म्हणजे ट्रक आणि ट्रक म्हणजे बाहेरचा मालक, हे समीकरण फारसे बदलले नव्हते. १९८६ मध्ये पुण्याच्या टेल्को कंपनीने ‘४०७’ आणली आणि ट्रकचा आकार लहान झाला. मे २००५ मध्ये टाटांचीच ‘एस’ आली. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले. हे नाव देशभर चालले, पण जिथे खऱ्या हत्तींनी ओंडके ओढले त्या मुलुखात ते जास्त शोभून दिसते. याच दशकात महिंद्रची पिकअप रुळली. पुढे बोलेरोसारखे तोंड, मागे उघडा हौदा, खाली भक्कम पाटे. दक्षिण गडचिरोलीत मालाची गाडी म्हणून आज ‘पिकअप’ हाच शब्द रूढ आहे, मग ती कोणत्याही कंपनीची असो.

या गाड्या स्थानिक माणसाच्या हाती पडल्या त्यात कायद्याचा वाटा मोठा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ६६ प्रमाणे मालवाहू गाडीला परमिट लागते. मात्र ज्या मालगाडीचे ओझ्यासकट एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा जास्त नाही तिला ही अट नाही. छोटा हत्ती आणि लहान पिकअप या मर्यादेच्या आत बसतात. परमिटसाठी खेटे नाहीत, ठेकेदाराची ओळख नाही. फायनान्स कंपनीकडून कर्ज घ्यायचे, घरची थोडी रक्कम भरायची आणि हप्ता सुरू. लायसन्सचा प्रश्न बरीच वर्षे कोर्टात घोळत होता. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने ते कायम केले. अपघातानंतर विमा कंपनीने हात वर करू नयेत यासाठी लहान मालकाला या निकालाचे महत्त्व होते.

मोठ्या कारखान्याने किंवा योजनेने नव्हे, तर कायद्यातल्या एका सवलतीने आणि मासिक हप्त्याने इथला माणूस मालाच्या गाडीचा मालक झाला. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये कारखान्यात तयार झालेली पहिली पिकअप विकायला काढली ती शेतकऱ्यांसाठी. आज तिथे डिझेल पिकअप हा अनेकांच्या हौसेचा विषय आहे. सूरजागडच्या पायथ्याशी हौसेला जागा कमी. गाडीच्या काचेवर देवाचे नाव असते आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात हप्त्याचे पुस्तक.

अ‍ॅव्हरेज म्हणजे रस्त्याचा दाखला

मालक अ‍ॅव्हरेज कसे काढतो? टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा लिहायचा, फेरी मारायची, पुन्हा काठोकाठ भरायची. गेलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. कंपनीच्या पत्रकातला आकडा त्याच्या उपयोगाचा नसतो, कारण पत्रकात पुलाखालून वाहणारे पाणी, फुटलेली गिट्टी आणि परतीची रिकामी फेरी धरलेली नसते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, जाऊन-येऊन १६० किलोमीटरची फेरी आहे. चांगल्या डांबरी रस्त्यावर गाडी लिटरला १२ किलोमीटर देते, खड्ड्यांच्या रस्त्यावर ९. पहिल्या रस्त्याला साधारण १३.३ लिटर लागतील, दुसऱ्याला १७.८. फरक साडेचार लिटरचा. भाव ९० रुपये धरला तर एका फेरीमागे चारशे रुपये. महिन्याला वीस फेऱ्या झाल्या तर आठ हजार. हा जवळपास हप्त्याचा मोठा हिस्सा झाला. भाडे मात्र गिऱ्हाईक किलोमीटरवर देते, खड्ड्यांवर नाही. म्हणून पिकअपवाल्यांच्या गप्पांत अ‍ॅव्हरेज पडले म्हणजे इंजिन बिघडले असे कोणी चटकन म्हणत नाही. आधी विचारतात, कोणत्या रोडने गेला होता जी?

टायरचेही तसेच. नायलॉनचा टायर जाड, कडक, दगडाला दाद न देणारा, पण जड आणि लवकर तापणारा. रेडियल टायर सहज लोटतो, त्यामुळे डिझेल वाचते आणि तो जास्त टिकतो, मात्र त्याची बाजूची भिंत नरम असते. धारदार दगड लागला की ती चिरते, आणि चिरलेल्या भिंतीला पंक्चरचा तुकडा चालत नाही. डांबरी रस्त्यावर सारे गणित रेडियलच्या बाजूचे आणि जंगलातल्या फळीपर्यंत जायचे असेल तर नायलॉनच्या. मागच्या चाकांना खोल ठोकळ्यांची नक्षी हवी, चिखलात पकड राहते, पुढच्या चाकांना सरळ रेघांची, म्हणजे सुकाणू हलके राहते. झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवून घेणारेही बरेच. हवा कमी ठेवली तर वाळूत गाडी रुतत नाही, पण डांबरावर आल्यावर ती भरून घेतली नाही तर डिझेल जाते आणि टायरच्या कडा खाल्ल्या जातात. गावात नायलॉन खपतो की रेडियल, यावरून तिथला रस्ता किती दूरपर्यंत पक्का झाला ते बांधकाम खात्याच्या फलकापेक्षा चांगले कळते.

२०२० च्या एप्रिलपासून देशभर बीएस-६ इंजिने आली. धूर कमी झाला, अ‍ॅव्हरेजही काही वाईट नाही. पण इंजिनावर सेन्सर बसले आणि धक्का मारून, तार जोडून वेळ भागवण्याचे दिवस संपत आले. सेन्सर बोलू लागला की लॅपटॉपवाला मेकॅनिक लागतो, आणि तो तालुक्याला नसला तर चंद्रपूर गाठावे लागते. त्यामुळे जुन्या इंजिनाची पिकअप विकताना इथला मालक दहा वेळा विचार करतो.

भेटण्याच्या जागा

या मालकांचा क्लब नाही, पण भेटी ठरलेल्या असतात. आठवडी बाजाराच्या कडेला, टायरच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर, धान खरेदी केंद्राबाहेरच्या रांगेत. हिवाळ्यात आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रांवर धानाची पोती घेऊन गाड्या उभ्या असतात, तिथे रात्र काढावी लागली की भाड्याचे दर, टायरच्या किमती, कोणत्या नाल्यावरचा रपटा वाहून गेला, सगळे बोलून होते. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. पेसा आणि वनहक्क कायद्यांमुळे अनेक ग्रामसभा आता आपल्या पानाचा लिलाव स्वतः करतात, तेव्हा फळीवरून गोण्या उचलायला गावातलीच गाडी सांगितली जाते. पूर्वी ठेकेदारासोबत त्याचा ट्रक येई. ट्रकची जागा जिथे गावच्या पिकअपने घेतली, तिथे हंगामातला थोडा पैसा गावातच फिरू लागला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूरजागडला ठाकूरदेवाची यात्रा भरते. सूरजागड इलाक्यातल्या गावांचे लोक डोंगरावर जमतात, पूजा होते आणि ग्रामसभांचे बोलणेही होते. महाशिवरात्रीला मार्कंडा, लग्नसराईत वरात, पावसाळ्यात दवाखाना. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा पूल पाण्याखाली जातो, आणि पाणी उतरायची वाट पाहत दोन्ही काठांवर उभ्या राहिलेल्या गाड्यांत पिकअप असतेच. मालाच्या गाडीत माणसे बसवणे कायद्यात बसत नाही. ते मालकांनाही माहीत आहे, पोलिसांनाही. पण जिथे बसची फेरी दिवसातून एखादी, तिथे बाळंतिणीला नेणारी गाडी पाहून कलम आठवत नाही.

वर्षातली सर्वांत मोठी भेट दसऱ्याची. गाड्या धुऊन, झेंडूची माळ घालून, चाकाखाली लिंबू ठेवून उभ्या करतात. त्या दिवशी अ‍ॅव्हरेजची चर्चा मागे पडते आणि कोणाचे किती हप्ते राहिले याची सुरू होते.

आग, धूळ आणि नळ

या मालकीला आगीची भीती आहे. सूरजागडच्या सुमारे ३४८ हेक्टरांवरचा खाणपट्टा २००७ मध्ये लॉइड्स मेटल्सला मिळाला. ग्रामसभांचा विरोध आणि माओवाद्यांच्या धमक्या यांत बरीच वर्षे गेली. २०१६ मध्ये वाहतुकीने वेग घेतला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात माओवाद्यांनी खनिजाच्या कामावरच्या सुमारे पाऊणशे गाड्या एका झटक्यात जाळल्या. जळालेला ट्रक वृत्तपत्रात एक आकडा असतो. घरी त्याचे कर्ज असते. पुढे १ मे २०१९ रोजी जिल्ह्याच्या उत्तरेला, कुरखेडा तालुक्यात, दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली गेली आणि तिकडे निघालेल्या पोलिसांची खासगी गाडी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवली. पंधरा जवानांसोबत त्या गाडीचा चालकही गेला. तो ना पोलीस होता ना माओवादी. तो भाड्याने आला होता.

२०२१ पासून खाणीचे काम जोमाने सुरू झाले. २०२३ मध्ये वार्षिक उत्पादनाची परवानगी तीस लाख टनांवरून एक कोटी टनांवर गेली. या आकड्याचा रस्त्याच्या भाषेत अर्थ काय? एका ट्रकमध्ये २५ टन धरले तर वर्षाला चार लाख फेऱ्या. वर्षात तीनशे दिवस काम धरले तर रोज तेराशेहून अधिक भरलेले ट्रक, आणि तितकेच रिकामे परत येणारे. एवढा भार सहन करायला आष्टी-आलापल्ली हा रस्ता बांधलेला नव्हता. लाल धूळ, फुटलेले डांबर, अपघात आणि त्यावरून झालेली आंदोलने हे त्या भागाने पाहिले आहे. ट्रक चालवण्याची आणि खाणीवरची कामे काही तरुणांना मिळाली, हेही खरे. तेव्हा पिकअपवाल्याच्या अ‍ॅव्हरेजमधले ते हरवलेले तीन किलोमीटर कोणाच्या खात्यावर टाकायचे, हा प्रश्न उरतो. खनिजाच्या किमतीत ते कुठेच धरलेले नसतात.

जुलै २०२५ मध्ये हेडरीहून कोनसरीच्या कारखान्यापर्यंतच्या सुमारे ८५ किलोमीटर लांबीच्या नळवाहिनीचे उद्घाटन झाले. खनिज दळून, पाण्यात कालवून, नळातून वाहून न्यायचे. १८८२ मध्ये न जमलेला भाड्याचा हिशेब असा जमला. रस्त्यावरचे ट्रक कमी झाले तर ते कोणाला नको आहे? पण ट्रकमुळे निदान रस्त्याच्या दुरुस्तीची ओरड मोठ्या लोकांच्या कानावर जात होती. खनिजाला रस्त्याची गरज उरणार नाही तेव्हा रस्ता कोणासाठी राखला जाईल? धान, तेंदू, सिमेंटची पोती, आजारी माणूस आणि शाळेची बाके नळातून जात नाहीत.

खिशातल्या डायऱ्या

अभ्यासकाच्या दृष्टीने एक गोष्ट तातडीची आहे. जंगल खात्याची नोंदवही अभिलेखागारात जाते. गिरणीचा, खाणीचा हिशेब वार्षिक अहवालात छापला जातो. म्हणजे या जंगलातून बाहेर गेलेल्या मालाचा इतिहास उद्या लिहायचा झाला तर नेणाऱ्यांचे कागद मिळतील. पिकअपच्या मालकाचा हिशेब मात्र औषध दुकानाने किंवा खताच्या कंपनीने भेट दिलेल्या छोट्या डायरीत असतो. तारीख, गाव, माल, किलोमीटर, लिटर, भाडे, बाकी. कधी शेजारी दोन शब्द, ‘नाला भरला’ किंवा ‘टायर गेला’. अशा डायऱ्या मी आलापल्लीच्या बाजूला पाहिल्या आहेत. वर्ष संपले की त्या चुलीत जातात, नाहीतर गाडीबरोबर विकल्या जातात.

कोणत्या वर्षी गावात सिमेंट आले, कधी धानाची फेरी वाढली, कोणत्या महिन्यात रस्ता बंद होता, डिझेलचा भाव वाढला तेव्हा कोणते गाव भाड्याला महाग पडू लागले, हे सारे त्या पानांत आहे. इथल्या माणसाने इथल्या वाहतुकीचा स्वतःच्या हाताने लिहिलेला हा पहिला सलग हिशेब असावा. तालुक्याच्या वाचनालयाने, एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने, नाहीतर ग्रामसभेनेच तो जमा करायला हवा. फार खर्च नाही. दसऱ्याला सगळे मालक एका जागी भेटतात, तेव्हा जुन्या डायऱ्या मागून घेता येतील. पानांचे फोटो काढून डायरी परत द्यावी, म्हणजे पुढच्या फेरीचा हिशेब अडणार नाही.